इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत पूर्ण भुलीऐवजी गाढ गुंगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे. आठवड्यातले निम्मे दिवस मी ऑपरेशन थिएटरबाहेर, कॅथलॅबमध्ये (एक्स-रेवर बघत रक्तवाहिन्यांत नळी घालण्याच्या खोलीत) आणि सीटी स्कॅनच्या खोलीत काम करतो. तिथे रेडिओलॉजिस्ट एक्स-रे किंवा स्कॅन बघत, चिरफाड न करता सुई आणि बारीक नळीने उपचार करतात. हीच इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाचं आणि नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, फुल भूल नको, नुसतं झोपेचं इंजेक्शन द्या." हे "नुसतं" ऐकलं की मी खुर्ची ओढून बसतो, कारण पुढची दहा मिनिटं बोलावंच लागतं. त्या दहा मिनिटांत होणारं बोलणं इथे लिहून काढलं आहे.

गाढ गुंगी म्हणजे नेमकं काय?

गुंगीला पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर माणूस जागा असतो, फक्त त्याची धास्ती कमी झालेली असते. दुसऱ्या पायरीवर डोळे मिटलेले असतात, पण हाक मारली किंवा खांद्याला हलकेच हात लावला की तो उत्तर देतो. तिसरी पायरी गाढ गुंगीची. इथे हाकेला ओ येत नाही. पुन्हा पुन्हा हलवलं किंवा दुखेल असं काही केलं तर मात्र तो समजून प्रतिसाद देतो, म्हणजे हात बाजूला सारतो किंवा काहीतरी पुटपुटतो. सुई टोचल्यावर पाय नुसता झटकन आखडला, तर तो प्रतिसाद धरत नाहीत. ती केवळ शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असते. चौथी पायरी पूर्ण भुलीची. तिथे कितीही दुखलं तरी माणूस जागा होत नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये या चार पायऱ्यांची व्याख्या केली आणि आज जगभर बहुतेक ठिकाणी हीच भाषा वापरतात.

खरं तर पायऱ्या हा शब्दही पुरता जुळत नाही, हा एक उतार आहे. दुसऱ्या पायरीवर थांबायचं ठरवलेला माणूस त्याच औषधाने, त्याच डोसने तिसरीवर घसरू शकतो आणि तिसरीवरचा चौथीवर. म्हणून गाढ गुंगी देणाऱ्याला पूर्ण भुलीत गेलेल्या माणसाला सांभाळता आलंच पाहिजे. या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे.

म्हणजे ती पूर्ण भुलीपेक्षा हलकी. मग जास्त सुरक्षितही असणार ना?

हा समज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही याच हिशेबाने निवड करतात. जरा थांबून विचार करू.

पूर्ण भुलीत आम्ही बहुतेक वेळा श्वासनलिकेत नळी घालतो. श्वास मशीन देतं. जीभ मागे पडली, पोटातलं वर आलं, तरी श्वासाची वाट बंद होत नाही. गाढ गुंगीत नळी नसते. श्वास रुग्णाचा रुग्णालाच घ्यायचा असतो आणि नेमकी तीच गोष्ट आमच्या औषधांनी मंदावलेली असते. घशाचे स्नायू सैल पडतात, घोरणं सुरू होतं, खोकण्याची ताकद कमी होते. थोडक्यात, मेंदू जवळपास भुलीत गेलेला आणि श्वासाची वाट मात्र उघडी, बिनकुलपाची.

त्यात आमची जागाही अवघड. थिएटरमध्ये मी रुग्णाच्या डोक्याशी उभा असतो. कॅथलॅबमध्ये डोक्याशी एक्स-रे मशीनचा मोठा अर्धगोल हात फिरत असतो. मी दोन-तीन हात लांब, अंगावर शिशाचा एप्रन, समोर काचेचा पडदा, खोलीत दिवे मंद. अमेरिकेत भूलतज्ज्ञांविरुद्ध झालेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. थिएटरबाहेरच्या दाव्यांमध्ये श्वासाशी संबंधित दुर्घटनांचा वाटा थिएटरमधल्यापेक्षा दुपटीहून जास्त होता, आणि त्यांतल्या बऱ्याच चांगल्या देखरेखीने टळल्या असत्या, असा तपासणाऱ्यांचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ गाढ गुंगी वाईट, असा नाही. मी ती नेहमी देतो आणि योग्य माणसाला देताना मनात शंका नसते. तिचे फायदे खरे आहेत: रक्तदाब कमी हेलकावतो, घसा दुखत नाही, मळमळ कमी होते, माणूस लवकर शुद्धीवर येतो, फुप्फुसं कमजोर असतील तर व्हेंटिलेटर टळतो. फक्त तिला हलकी समजून कमी तयारीत देऊ नये. माझं टेबल दोन्हीसाठी सारखंच मांडलेलं असतं.

हा प्रश्न इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीतच एवढा का येतो?

या शाखेचा जन्मच चिरफाड टाळण्यासाठी झाला. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली आकसलेली रोहिणी नळीने रुंद केली. पायाला गँगरीन झालं होतं, शल्यचिकित्सकांनी पाय कापायला सांगितलं होतं आणि बाईंनी साफ नकार दिला होता. पुढे त्या स्वतःच्या पायांवर चालल्या.

तेव्हापासून इथे येणारा रुग्ण बहुधा असाच असतो, मोठं ऑपरेशन न झेपणारा. यकृत खराब, किडनी अर्धवट, हृदय थकलेलं, कावीळ चढलेली. जखम सुईच्या भोकाएवढी असते. त्यामुळे "एवढ्याशा भोकासाठी पूर्ण भूल कशाला?" हा प्रश्न साहजिक आहे. पण बाहेरचं भोक लहान असलं तरी आत दुखणं लहान असेलच असं नाही.

कोणत्या प्रक्रियांना गाढ गुंगी चांगली लागू पडते?

आधी एक सांगतो. बऱ्याच प्रक्रियांना गाढ गुंगी लागतच नाही. पायाची अँजिओग्राफी, पोटातला पू काढणं, साधी बायोप्सी, यकृताच्या गाठीत नळीतून केमो सोडणं ही कामं जागेवर सुन्न करून आणि थोडं धास्ती कमी करणारं औषध देऊन होतात. रेडिओलॉजिस्टने जागा सुन्न करणारं लिग्नोकेन व्यवस्थित, खोलवर भरलं आणि ते चढायला दोन मिनिटं थांबला, तर माझं निम्मं काम तिथेच होतं. घाईने केलेल्या लोकलची, म्हणजे जागेवर सुन्न करण्याची, भरपाई गुंगी वाढवून करणं मला पटत नाही.

गाढ गुंगीचा खरा उपयोग मधल्या गटात होतो. काविळीत तुंबलेलं पित्त बाहेर काढायला फासळ्यांमधून यकृतात नळी घालतात. यकृतावरचं आवरण आणि पित्तनलिका दोन्ही फार संवेदनशील असतात, नलिका रुंद करायच्या क्षणी जागा माणूस कळवळतो. यकृतातला रक्ताचा दाब उतरवण्यासाठी आतून वाट काढतात, त्या टिप्स नावाच्या प्रक्रियेत फुगा फुगवतानाची एक-दोन मिनिटं अशीच असतात. गाठ उष्णतेने जाळायची असेल आणि ती यकृताच्या कडेला असेल, तरी तसंच. अशा वेळी दुखण्याच्या त्या थोड्या वेळापुरतं खोल नेऊन पुन्हा वर आणता येतं. हा खाली-वर करण्याचा सोयीस्करपणा गाढ गुंगीची मोठी ताकद आहे.

गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याच्या प्रक्रियेबद्दल बायकांना मी वेगळं सांगतो. तिथे टेबलावर फार दुखत नाही, दुखतं ते नंतर, पहिल्या चोवीस तासांत, बाळंतकळांसारखं. गुंगी कितीही छान दिली तरी त्या रात्रीचा वेदनाशामक औषधांचा बेत आधीच ठरलेला हवा. "भूल कोणती?" यापेक्षा "रात्री दुखलं तर काय देणार?" हे विचारा.

आणि कुठे तुम्ही पूर्ण भूलच द्याल?

पोट भरलेलं असेल, उलट्या होत असतील, आतडी तुंबली असतील किंवा पोटात खूप पाणी झालं असेल, तर नळी घालूनच. झोपेत श्वास अडकण्याचा आजार तीव्र असेल आणि वजनही खूप असेल, तरी मी सहसा तिकडेच वळतो, विशेषतः रुग्णाला पालथं झोपवायचं असेल तर. पालथ्या, जाड मानेच्या, गुंगीतल्या माणसाचा श्वास अडला की त्याला उताणं करण्यात जाणारं ते अर्धं मिनिट कुणालाच नको असतं.

मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्यांनी) भरताना किंवा रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात चिकटणारं द्रव्य सोडताना रुग्ण केसभरही हलून चालत नाही. तिथे बहुतेक ठिकाणी पूर्ण भूल देतात.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. यकृत, फुप्फुस, किडनी हे अवयव श्वासासोबत वर-खाली सरकतात. जागा माणूस "श्वास रोखा" म्हटल्यावर रोखतो. पूर्ण भुलीत मी मशीन थांबवून श्वास रोखू शकतो. गाढ गुंगीत दोन्ही जमत नाही! रुग्ण ऐकत नाही आणि त्याचा श्वास माझ्याही हातात नसतो. वर घोरत असला की पोट आणखी वेडंवाकडं हलतं. म्हणून छोट्या, खोल गाठीवर नेम धरायचा असेल तर मधली पायरी दोन्ही टोकांपेक्षा गैरसोयीची ठरते. रेडिओलॉजिस्टने सकाळी मला गाठीचा फोटो दाखवला की निर्णय पटकन होतो. न दाखवता "थोडं झोपवून टाका" म्हणाला की मी फोटो मागून घेतो.

थुंकीतून रक्त पडतंय. त्यासाठीच्या प्रक्रियेला मला झोपवाल का?

शक्यतो नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे टीबी होऊन गेलेल्या फुप्फुसातून रक्तस्राव होणारे रुग्ण बरेच येतात. जांघेतून नळी घालून फुप्फुसाकडे जाणारी, फुगलेली रोहिणी बंद करतात. या वेळी तुमचा खोकला हेच तुमचं संरक्षण असतं. गाढ गुंगीत खोकला दबला तर रक्त चांगल्या फुप्फुसात उतरतं. दुसरं असं की त्या भागातूनच कधी कधी मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त नेणारी बारीक फांदी निघते. औषध चुकून तिकडे गेलं तर पाय लुळे पडू शकतात. जागा रुग्ण "पाय हलवा" म्हटल्यावर हलवून दाखवतो. म्हणून लोकल, धीराचे शब्द आणि अगदी थोडं औषध. रक्त फारच वाहत असेल तर सरळ पूर्ण भूल आणि नळी. मधला मार्ग इथे नाही.

लकव्यात मेंदूतली गुठळी काढताना काय देतात?

२०१५ मध्ये एकामागोमाग आलेल्या अभ्यासांनी सिद्ध झालं की मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर नळीने गुठळी ओढून काढल्याने रुग्णाचं अपंगत्व कमी होतं. लगेच वाद सुरू झाला, गुंगी की भूल? आधीच्या नोंदींत भूल दिलेल्यांचं वाईट होताना दिसत होतं, पण मुळात जास्त गंभीर रुग्णांनाच भूल दिली जात होती. मग चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास झाले: जर्मनीत हायडेलबर्गचा सिएस्टा, स्वीडनचा अ‍ॅनस्ट्रोक, डेन्मार्कचा गोलियाथ. भूल वाईट असल्याचं त्यांत दिसलं नाही. तिन्हींमधले ३६८ रुग्ण एकत्र करून २०१९ मध्ये जे विश्लेषण आलं, त्यात तीन महिन्यांनी भुलीच्या गटात अपंगत्व उलट थोडं कमी होतं. फ्रान्सच्या २०२२ च्या अभ्यासात दोन्ही गट सारखेच निघाले.

या अभ्यासांतली भूल ठरवून, रक्तदाब घट्ट धरून दिलेली होती, हे विसरू नये. मला यातून कळलेलं एवढंच: वेळ घालवू नका आणि रक्तदाब पडू देऊ नका. रुग्ण शांत असेल तर हलकी गुंगी. तडफडत असेल, उलटी होत असेल, शुद्ध हरपत असेल तर भूल. हा निर्णय दारातच झाला पाहिजे.

कोणती औषधं देता? मला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, ते दुधासारखं इंजेक्शन चालेल का?

ते पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. सोयाबीनच्या तेलात आणि अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनमध्ये घोळवलेलं असल्यामुळे ते दुधासारखं दिसतं. ब्रिटनमध्ये १९८६ पासून ते बाजारात आहे आणि त्याचा शोध लावणाऱ्या जॉन ग्लेन यांना २०१८ चा लास्कर पुरस्कार मिळाला. अंड्याची अ‍ॅलर्जी बहुधा पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची असते, त्यामुळे बहुतेकांना प्रोपोफॉल चालतं. तरीही अ‍ॅलर्जी सांगाच. अंडं खाऊन घसा सुजल्याचा किंवा श्वास कोंडल्याचा अनुभव असेल तर तोही सांगा. शिरेत जाताना हात जळजळतो, ते अपेक्षित आहे.

प्रोपोफॉल वेदना मारत नाही, म्हणून सोबत फेंटानिल थोडंसं. केटामिन वेदना मारतं, श्वासही राखतं, पण लाळ वाढवतं आणि काहींना विचित्र स्वप्नं पडतात. डेक्समेडेटोमिडीनने नैसर्गिक झोपेसारखी गुंगी येते आणि श्वास फारसा दबत नाही. मात्र नाडी आणि रक्तदाब उतरतात, आणि ते चढायला दहा मिनिटं लागतात. मिडाझोलाम जुनं आणि भरवशाचं, पण यकृत खराब असलेल्यात त्याचा अंमल लांबतो. काही म्हाताऱ्या माणसांना ते उलटं चढतं, शांत व्हायच्या ऐवजी ती चिडतात.

मिडाझोलाम आणि फेंटानिल यांच्यावर उतारा आहे. प्रोपोफॉलवर नाही. त्याचा उतारा म्हणजे वेळ, आणि तेवढा वेळ श्वास चालू ठेवणारा माणूस.

किती वेळ उपाशी राहायचं? गुंगीच तर आहे.

पूर्ण भुलीइतकंच. जड, तेलकट जेवण झालं असेल तर आठ तास. हलका नाश्ता किंवा दूध घेतलं असेल तर सहा. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि ते प्या, कोरडे पडू नका.

दुधाचा चहा पाणी नव्हे. "फक्त अर्धा कप चहा घेतला" हे वाक्य मी जेवढ्या वेळा ऐकलं आहे तेवढं दुसरं कुठलंच नाही. त्या अर्ध्या कपाने सहा तासांचं घड्याळ पुन्हा सुरू होतं. बिनदुधाचा चहा किंवा गाळलेलं लिंबूपाणी दोन तासांच्या हिशेबात बसतं.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यात चूक आमची होती. साठीच्या एक बाई पित्ताच्या नळीसाठी यायच्या होत्या. आमच्या विभागातून फोनवर त्यांना सांगितलं गेलं, "उद्या उपास ठेवा." बाई सकाळी आठला आल्या, नेमाने उपास करणाऱ्या. मी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही हो, उपासाची साबुदाण्याची खिचडी तेवढी, सातला." शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा. प्रक्रिया दुपारवर गेली. त्या बिचाऱ्या मलाच "माफ करा" म्हणत होत्या. तेव्हापासून मी "उपास" हा शब्द वापरत नाही. "तोंडात काहीही घालायचं नाही" असं म्हणतो आणि समोरच्याकडून ते वदवून घेतो.

वजन किंवा साखर कमी करण्याचं आठवड्यातून एकदाचं इंजेक्शन, म्हणजे सेमाग्लुटाइडसारखं औषध चालू असेल, तर काही दिवस आधीच सांगा. त्याने पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो आणि वेळ पाळूनही आत अन्न सापडू शकतं.

तंबाखू, गुटखा खातो का, हे का विचारता? आणि तोंड का उघडायला लावता?

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण गालांत मला तो रोज दिसतो. वर्षानुवर्षं सुपारी-गुटखा खाऊन गालाची आतली बाजू आखडते आणि तोंड उघडेनासं होतं. मी म्हणतो, "तुमचीच तीन बोटं उभी तोंडात घाला." कुणाची दोन जातात, कुणाचं एकच. माझ्यासाठी ही धोक्याची घंटा असते. गाढ गुंगीत श्वास अडला तर मला तुमच्या तोंडातून नळी घालता आली पाहिजे. एकच बोट मावतं तिथे आमची अवजारं मावत नाहीत. अशा रुग्णाला मी एक तर जागाच ठेवतो, नाही तर जागेपणीच नाकातून दुर्बिणीने नळी घालून मग भूल देतो. "अंदाजाने थोडी गुंगी" मात्र देत नाही.

जीभ बाहेर काढायला लावून घसा किती दिसतो ते पाहण्याच्या तपासणीला मूळच्या आंध्रातल्या शेषगिरी मल्लमपती यांचं नाव आहे. त्यांनी ती १९८५ मध्ये मांडली. पाच सेकंद लागतात. कुणी न बघताच गुंगी द्यायला निघालं, तर स्वतःहून तोंड उघडून दाखवा.

कवळी, हलणारा दात, मशेरी लावण्याची सवय, घोरणं हे सगळं सांगा. घोरण्याबद्दल सहसा बायकोला विचारावं लागतं, नवऱ्याला माहीतच नसतं.

मला काही कळेल का? आवाज ऐकू येतील?

येऊ शकतात. गाढ गुंगीत बहुतेकांना काहीच आठवत नाही, पण तशी हमी मी देत नाही. मशीनचा आवाज, कुणाचं तरी बोलणं, पोटावर दाब असे तुकडे लक्षात राहतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भुलीतल्या जागेपणाचा मोठा देशव्यापी तपास झाला, त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्यात काही तक्रारी चक्क गुंगी दिलेल्या रुग्णांच्या होत्या. त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं की हे झोपणं पूर्ण बेशुद्धीचं नाही. त्यांना झालेला त्रास खरा होता आणि तो दोन वाक्यांनी टळला असता. म्हणून ती दोन वाक्यं मी आधीच बोलतो: थोडंफार ऐकू येईल, दुखलं तर हात हलवा, मी बघतोय.

आत माझ्यावर लक्ष कोण ठेवतं?

नळी घालणारा डॉक्टर पडद्याकडे बघत असतो. तुमच्याकडे बघायला वेगळा माणूस लागतो आणि त्याला दुसरं काही काम नसावं. गाढ गुंगीसाठी तो भूलतज्ज्ञच असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नाडी, रक्तदाब, ईसीजी, बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र एवढं सगळीकडे असतं. पण मी दार ओलांडताना बघतो ते कॅप्नोग्राफ. नाकाशी लावलेल्या बारीक नळीतून ते उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतं आणि प्रत्येक श्वासाला पडद्यावर एक टेकडी उमटवतं.

ते का लागतं, हे एका प्रसंगातून सांगतो. काविळीचे एक काका टेबलावर होते. नलिकेत फुगा फुगवण्याआधी मी प्रोपोफॉल थोडं वाढवलं. बोटावरचा आकडा ९९. छाती हलताना दिसत होती. पडद्यावरच्या टेकड्या मात्र बुटक्या झाल्या आणि मग रेघ सपाट. छाती नुसती ओढ घेत होती, जीभ मागे पडून हवा आत जातच नव्हती. पडद्यामागून जाऊन दोन बोटांनी जबडा पुढे उचलला, एक लांब घोरण्यासारखा श्वास आला आणि टेकड्या परत आल्या. सगळं मिळून वीस सेकंद. बोटावरचा आकडा तोवर ९९च होता. नाकातून ऑक्सिजन चालू असताना तो आकडा मिनिट-दोन मिनिटं उशिरा पडतो आणि पडायला लागला की धाडकन पडतो. रेडिओलॉजिस्टला काही कळलंही नाही.

नेलपॉलिश काढून या. बोटावरचं यंत्र त्यामुळे कधी कधी चुकतं.

मध्येच पूर्ण भूल द्यावी लागली तर?

तर देतो, आणि त्याची संमती आधीच घेतलेली असते. गुंगीने भागत नाही, रुग्ण हलतो, रक्तस्राव होतो, काम लांबतं, अशी अनेक कारणं असतात. गुंगी कमी पडतेय म्हणून ती ढकलत ढकलत वाढवणं हा सगळ्यात धोकादायक रस्ता आहे. त्यापेक्षा थांबून, शांतपणे नळी घातलेली बरी. बाहेर नातेवाइकांना "केस बिघडली" असं वाटतं. तसं नसतं, पण त्यांना कुणीतरी बाहेर येऊन सांगायला हवं.

थांबून आधी एक मात्र बघतो, रुग्णाचं मूत्राशय भरलं आहे का? सलाइन आणि रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेलं रंगद्रव्य मिळून ते तासाभरात तुडुंब होतं. रुग्ण गुंगीत चुळबुळतो, सगळे म्हणतात अजून औषध द्या. आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन या, ही सूचना किरकोळ वाटते पण फार कामाची आहे.

वडील ८० वर्षांचे आहेत, हृदय कमजोर. त्यांना गुंगी बरी की भूल?

बऱ्याचदा सगळ्यात बरं म्हणजे उत्तम लोकल आणि अगदी कमी औषध. या वयात डोस निम्म्यावर आणतो आणि घाई करत नाही, कारण औषध मेंदूपर्यंत पोचायलाच उशीर लागतो. तेवढ्यात दुसरा डोस दिला तर दोन्ही एकदम चढतात. ऐकू यायचं यंत्र आणि चष्मा आत नेऊ द्या, नंतर भांबावणं कमी होतं. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णात थोड्या गुंगीनेही रक्तदाब कोसळतो, तिथे वयापेक्षा तोच धोका मोठा.

लहान मुलांना?

मुलं सांगितलं म्हणून स्थिर राहत नाहीत आणि त्यांचा ऑक्सिजनचा साठा मोठ्यांपेक्षा फार लवकर संपतो. थोडक्या वेळाच्या कामाला गाढ गुंगी चालते. रक्तवाहिन्यांच्या गाठीत दुखणारं औषध सोडायचं असेल तर पूर्ण भूल. घरून औषध पाजून, गाडीत झोपवून आणू नका. मान वाकडी होऊन श्वास अडलेला कुणाच्या लक्षात येणार?

भूलतज्ज्ञाचे पैसे वाचवता येतील का?

लोकलवर होणाऱ्या कामात जरूर, आणि तसं असेल तर मीच सांगतो. गाढ गुंगी घ्यायची ठरली तर नाही. विमा किंवा सरकारी योजनेतून उपचार असेल तर भुलीचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, हे आदल्या दिवशी बिलिंगच्या खिडकीवर विचारून ठेवा.

घरी कधी सोडतात?

हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि ऑक्सिजन यांना गुण देऊन आम्ही ठरवतो. अल्ड्रेट यांनी १९७० मध्ये केलेली ही दहा गुणांची पद्धत थोडा बदल होऊन अजून चालते, साधारणपणे नऊ गुण लागतात. पण गुंगी उतरली म्हणजे सुटी असं नाही. जांघेतून नळी घातली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडावं लागतं. गुंगीच्या भरात पाय दुमडून बसलेल्या रुग्णाच्या जांघेत रक्ताची गाठ झालेली मी पाहिली आहे. रात्री सोबतीला जागं माणूस हवं. चोवीस तास गाडी, स्कूटर चालवू नका, दारू घेऊ नका, कुठल्या कागदावर सही करू नका आणि झोपेची गोळी नेहमीची असली तरी त्या रात्री विचारूनच घ्या.

फोन कधी करायचा: श्वास घेताना घरघर, उठवूनही नीट न उठणं, थांबत नाहीत अशा उलट्या, थंडी वाजून ताप, पोटदुखी वाढत जाणं, जांघेत सूज किंवा पाय गार पडणं. रात्रीचे दोन वाजले असले तरी करा. डिस्चार्जच्या कागदावर नंबर आहे का, हे निघण्यापूर्वी बघा. नसेल तर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.